पलीकडच्या बेटावर उतरा

कंदोफुशी बेट
रविवार, ईदचा शव्वाल महिना संपत आला

चि. युम्ना हिला आजीचा सलाम आणि दुवा.

इकडं सगळे बरे आहोत, तुम्ही तिकडं माले शहरात बरे असाल. इद्रीसमामाची कंबर धरली होती, ती सुटली. पुन्हा धरेल, कारण तो ऐकत नाही. मुनीफामामीनं पुढच्या ओट्याला निळा रंग दिलाय. घर आता लांबून औषधाच्या दुकानासारखं दिसतं. आपल्याकडं उतरणारे पाहुणे त्याचेच फोटो काढतात, तेव्हा मीच चुकत असेन. कोंबडीला पिल्लं झाली, निम्मी कावळ्यानं नेली.

लहानपणी वाळूच्या पाटीवर बोट फिरवून जेवढं शिकले तेवढ्यात हे लिहितेय, अक्षराकडं बघू नकोस. फोन केला असता, पण फोन मुनीफाचा. ती तो कुणाच्या कानाला लावू देत नाही, घराच्या मधोमध ठेवते आणि सगळ्यांना ऐकवते. पत्रही वाचते म्हणा. माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या डबीवरचंसुद्धा मोठ्यानं वाचते. म्हणून हे पाकीट मी भाताच्या खळीनं चांगलं चिकटवणार आहे आणि मालेला मासळी नेणाऱ्या बोटीवर स्वतः जाऊन देणार आहे.

तुझा निरोप ऐकला. सुट्टीत तुला, नाझिमला आणि तुझ्या सासूबाईंना आमच्या बाजूला यायचंय. नाझिम म्हणतो, पलीकडच्या बेटावरच्या रिसॉर्टात राहू. सासूबाई म्हणतात, या खेपेला गावात आपल्या न्याहारीवाल्या घरात राहून बघू. आणि तू म्हणालीस, "आजीला विचारा. आजी सांगेल तिथं उतरू." एवढंच बोललीस. आजी कशी आहे ते विचारलं नाहीस. ते बरोबरच आहे.

तर माझं म्हणणं, रिसॉर्टात उतरा.

आमच्या खोल्या तुला माहीत आहेत. विहिरीकडची ओल धरते. रस्त्याकडच्या खोलीत पहाटेची बांग थेट उशीवर येते. एका जर्मन बाईनं मला विचारलं, हा आवाज कमी करता येईल का. मी म्हटलं, "मशिदीत जाऊन सांग, मीही येते बघायला." न्हाणीला छप्पर नाही. गोऱ्या लोकांना त्याचं फार कौतुक, आकाशाखाली अंघोळ म्हणतात. पण वर नीरफणसाचं झाड आहे. मागं एका पाहुण्याच्या बादलीत फळ पडलं. तो हसला. तुझ्या सासूबाई पाचव्या मजल्यावर छपराखाली अंघोळ करणाऱ्या, त्या हसतील असं नाही.

न्याहारीला आमच्याकडं तव्यावरची रोशी आणि मस हुनी. सुका मासा ओल्या खोबऱ्यात कांदा-मिरची घालून कुस्करलेला, सासूबाई घरी रोज खातात तोच. त्यासाठी बोटीत बसून इतकं लांब कशाला यायचं? पलीकडं म्हणे पावाचेच इतके प्रकार असतात की माणूस न्याहारी उरकून उठतो तोवर जेवण मांडलेलं असतं. टॉवेलाचे हंस करून पलंगावर ठेवतात. मुनीफानंही एकदा केला होता. ताप आलेलं बदक दिसत होतं. तिथं वाळू झाडायला माणसं ठेवलेली आहेत. इथं सकाळी मी झाडते आणि पाहुण्यांना म्हणते, पाय वर घ्या.

आणि मुख्य म्हणजे तिथं कुणी नात्याचं नाही. सुट्टीला गेलेल्या माणसाला ओळखीचं कुणी भेटू नये.

एवढं लिहून उठले होते. पत्र इथंच संपवायचं होतं. सुपारी कातरली, तोंडात टाकली, परत येऊन वाचलं. ती शेवटची ओळ वाचून मला माझीच चीड आली. तुला काय, कारण माहीतच आहे. तेव्हा लिहितेच.

पाहुण्यांना दाखवायच्या त्या छपरीत मी बसत होते हे तुला कुणी कळवलं नव्हतं. मीच कळवू दिलं नाही. तू मालेत सगळ्यांना सांगितलं असशील, माझ्या आजीचं गेस्टहाउस आहे. आहेच. पण घर मुनीफा चालवते, आणि तिच्यासमोर दिवसभर बसलं की आम्ही दोघी एकमेकींना चावतो. रिसॉर्टवाले त्यांचे पाहुणे बोटीतून आमचं गाव दाखवायला आणतात. त्यांना झावळ्या विणणाऱ्या म्हाताऱ्या हव्या होत्या. माझ्या वयाची दोनकंबा जात होती, मीही गेले. लाल झगा घालायचा, गळ्याला जरीची पट्टी, आणि माडाच्या झावळ्या विणत बसायचं. त्या झावळ्या कुठंच जात नाहीत. त्यांच्या छपरांवर आता प्लास्टिकच्या आहेत. आम्ही एकच झावळ विणतो, उसवतो, पुन्हा विणतो. चेहरा हसरा ठेवायचा, "वेलकम, व्हेरी नाइस" म्हणायचं, आणि आपल्या भाषेत तोंडाला येईल ते बोलायचं. त्यांना एक शब्द कळत नाही. प्रत्येकाला आम्ही माशाचं नाव देतो. उन्हानं लाल झालेला तो भाजका पोपटमासा. फोटो काढत तोंड उघडं ठेवणारा तो गळाला लागलेला. दोनकंबा हसून हसून खोकते, पाहुण्यांना वाटतं म्हातारी आनंदी आहे. घरी माझ्या बोलण्याला कुणी हसत नाही, युम्ना. तिथं हसतात.

त्या दिवशी, रमजानच्या आधी, जो घोळका आला त्यात एक बाई होती. मोठी टोपी, काळा चष्मा, पायात उंच चपला, वाळूत रुतत चाललेली. तिच्या डोक्यावर छत्री धरून एक तरुण, दुसऱ्या हातात तिची पर्स. मला वाटलं अरब असतील, नाहीतर मलेशियाचे. मी हसून मान हलवली आणि दोनकंबाला म्हटलं, "बघ गं, देवमासा किनाऱ्याला लागला. परत पाण्यात ढकलायला अख्खा गाव लागेल."

दोनकंबा खोकायला लागली. तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण समोर कुणी हसायला लागलं की माझी जीभ थांबत नाही. मी म्हटलं, "आणि हा तिच्या पोटाला चिकटून फिरणारा मासा. बायको आणली असेल तर कुठं ठेवली? ह्यानं आईशीच निका लावलेला दिसतो."

त्या बाईनं चष्मा वर केला. मालेच्या स्वच्छ बोलीत म्हणाली, "गाव कशाला, आजीबाई? माझी सून आहे ना ढकलायला."

आणि तिच्या पाठीमागून तू पुढं झालीस. पाण्याची बाटली हातात. केस कापलेस ते मला माहीत नव्हतं. तुझ्या लग्नाला मी गुडघ्यामुळं आले नाही, तुझ्या घरातलं कुणी मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही, झालं कसं ते सांगतेय.

तू म्हणालीस, "आजी."

सगळेच म्हाताऱ्यांना आजी म्हणतात. विहीणबाईंना तसंच वाटलं असणार. पण तू कशी म्हणालीस ते मी ऐकलं. तापात म्हणायचीस तशी. तुझी आई गेल्यावर तुला मी ह्याच हातांनी वाढवली. आणि त्याच हातांनी झावळ धरून, तुझ्या तोंडाकडं बघून मी म्हटलं, "वेलकम, मॅडम. व्हेरी नाइस."

मी मनाशी म्हटलं, पोरीची लाज राखली. सासूसमोर हिची आजी ही, असं व्हायला नको. बरेच दिवस तेच धरून बसले होते. खरं म्हणजे मला माझी लाज राखायची होती. तू वाकलीस, माझ्या झावळीतली एक पात सुटली होती ती आत खोवलीस, दोनदा खाली, एकदा वर, मी शिकवलेली तशी, आणि त्यांच्यामागं बोटीवर गेलीस. नाझिम छत्री विसरला होता, ती घ्यायला परत आला आणि मला सलाम करून गेला.

तुला हे सगळं माहीतच आहे. माहीत नाही ते आता लिहिते.

बर्फवाल्याच्या बायकोनं तुला धक्क्यावर पाहिलं होतं. संध्याकाळी ती घरी येऊन सांगून गेली. जेवताना इद्रीस म्हणाला, "आपल्याच बेटावर पाहुणी म्हणून आली आणि घराला पाय लावला नाही."

मुनीफा म्हणाली, "मालेचं वारं लागलं. निळा ओटा बघितला असता तर काय डोळे गेले असते?"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी माशाच्या सारात रोशी बुडवत होते. मी म्हटलं, "मोठी माणसं झालीत ती. कशाला येतील इथं?"

मी हे म्हटलं. तुझ्याबद्दल. रोशी खाली ठेवलीसुद्धा नाही.

तेव्हापासून या घरात तू शिष्ट ठरलीस. मुनीफा तुला माशाच्या दाट रसाची बरणी पाठवायची ती तिनं बंद केली. तुला वाटलं असेल, आजीनं बंद केली. तिनं केली, पण माझ्यामुळं. इद्रीस तुझं नाव निघालं की जाळं घेऊन बाहेर जातो. माझं एक वाक्य पुरलं असतं, ते मी आजपर्यंत बोलले नाही. दोनकंबानं तुला ओळखलं होतं. लहानपणी तिच्याच झोपाळ्यावरून पडली होतीस तू. ती गावात कुणाला काही बोलली नाही. फक्त छपरीत माझ्या शेजारी बसेना, पलीकडच्या खांबाला बसायची. मी काही बोलले तरी खोकायची नाही. गेल्या जुम्म्यापासून मी तिथं जायचंच सोडलं. लाल झगा मुनीफानं कापून गाळण्या केल्या, चांगल्या होतात.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर.

आमच्याकडं उतरा. विहीणबाईंना माझी खोली देते, तिथं वारा लागतो. मी ओट्यावरच्या झोपाळ्यात झोपेन. नीरफणस इद्रीसकडून उतरवून घेते. टॉवेलाचं बदक करू नको म्हणून मुनीफाला सांगेन, पण ती करेल. बांगेचं काही करता येणार नाही.

मी कोण ते विहीणबाईंना तू सांगू नकोस. त्यात तुझा वाटा नाही. धक्क्यावर मीच सांगेन, नाझिमसमोर, बर्फवाल्याच्या बायकोसमोर, कारण बोलले तेही चारचौघांतच. देवमासा म्हणणारी ती मी, आणि हिची आजीही मीच, एवढं म्हणेन. आणखी काही म्हणायला गेले तर जीभ कुठंतरी भलतीकडं जाईल. मग त्या काय बोलायचं ते बोलू देत. त्यांची जीभ माझ्या तोडीची आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझं कसं होणार याची काळजी त्या दिवसापासून निम्मी वाढली आणि निम्मी गेली. त्या राहतील किंवा त्याच बोटीनं पलीकडं जातील. गेल्या तर न्याहारी बांधून देईन.

तुझ्याच मनात नसेल, तर रिसॉर्टात उतर. पण तुला तसं वाटतं म्हणून उतर. आजीनं सांगितलं म्हणून नको. आजीनं तुझ्याबद्दल सांगितलेलं बरंच काही खोटं होतं.

खळ करून ठेवली होती ती कोंबडीला घातली. पाकीट उघडंच मुनीफाच्या हातात देणार आहे, बोटीवर पोचव म्हणून. ती निळ्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचेल. इद्रीस जाळं विणतोय, त्याला ऐकू जाईल. शेजारी ऐकू जाईल. मी तोवर आत रोशी लाटत बसेन, आणि वाचून झालं की ती आत येईल तेव्हा तोंड वळवणार नाही.

बोट लागेल तेव्हा मी धक्क्यावर असेन. हाक मारायची की नाही ते तू ठरव. मारलीस तर ओ देईन.

तुला मॅडम म्हणाली ती,
तुझी आजी