लाइन कोणाच्या नावावर

३ मार्च
नातीनं, धम्मदीनानं, फोनात काहीतरी दाबून दिलं — "आजी, तू बोल, हा लिहील." अक्षर मला येत नाही, त्यामुळे खोटं लिहिलं तरी कळायचं नाही! तर ऐक बाबा कागदा. या घरात इंग्रजीचा एकच शब्द पोट भरतो — लाइन. माझा जन्म महू छावणीच्या लाइनीतला, बाप फौजी. राशनला लाइन. नातीवर भंवरकुआं चौकातला एक जण लाइन मारतो, तिला वाटतं आजी आंधळी. आणि आमचे हे लाइनमन, मुलगा ज्ञानदीपही लाइनमन. हे गेले ते खांबावरच. बावीस वर्षं झाली. लाइन बंद करून चढले; वर छातीच बंद पडली.

५ मार्च
ज्ञानदीप जेवताना म्हणाला, "आई, अजीब बात आहे. बाबांच्या त्या लाइनीवर मी गेलो, की सबस्टेशनला फोन लावायच्या आधीच लाइन जाते. उतरलो की येते."
म्हटलं, तुझं तोंड बघून लाजत असेल.
हसला नाही.

९ मार्च
आज चौथ्यांदा.

१२ मार्च
साहेबानं नोटीस दिली. "तूच काही सेटिंग करतो, भिया. एक बार और, तो नोकरी गई." पेन्शनला दोन वर्षं राहिलीत!
संध्याकाळी त्याचा जोडीदार श्रीहरी आला. नियम असा — चढणाऱ्यानं सबस्टेशनकडून परमिट घ्यायचं, तेव्हा लाइन बंद. उतरून त्यानंच ते परत करायचं, मगच चालू. दुसऱ्याच्या शब्दावर नाही.
"मावशी, जुनं रजिस्टर पाहिलं. काकांचं परमिट परत झालंच नाही. लाइन तशीच चालू केली. कागदावर काका अजून वरच आहेत."
चहा कोणीच प्यायला नाही.

१३ मार्च
दुपारभर गॅलरीत बसून बघितलं. वारा नव्हता. सगळ्या तारा गप्प. यांच्या लाइनीची एकच हलत होती, कोणी तिच्यावरून हात काढल्यासारखी.

१५ मार्च
ज्ञानदीपला न सांगता सबस्टेशनला गेले. ऑपरेटर सोनल, धम्मदीनाच्याच वयाची. "अम्मा, बिल इकडे नाही भरत."
म्हटलं, परमिट परत करायचंय.
"कोणाचं?"
आली का पंचाईत! यांचं नाव मी उखाण्यातही गिळलं होतं. आज घेतलं. "कचरू. माणूस खाली आला. लाइन चालू करा."
पोरगी हसली, पण रजिस्टर काढलं. मी अंगठा लावला.
पायऱ्या उतरताना कोपराला कोणीतरी आधार दिला. वळून पाहिलं नाही.

१८ मार्च
तीन दिवस ती तार गप्प. ज्ञानदीपची ड्यूटी सध्या दुसरीकडे. त्याला अजून सांगितलं नाही — इतकी मोठी गोष्ट अशीच कशी सांगू? आधी थोडं छळते. "आई, काय लपवतेस?" विचारतोय. विचार, विचार!

१९ मार्च
श्रीहरीचा फोन आला. सकाळी ज्ञानदीप त्या खांबावर चढला, परमिट न घेता. खालून श्रीहरी ओरडला तर म्हणाला, "परमिटला फोन केला की लाइन पाडल्याचा ठपका माझ्याच नावावर लागतो. जाते ना ती आपोआप."
आज गेली नाही.