अकरा खोकी

रविवार, १२ मे
दुपार

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. इकडे आम्ही सगळे मजेत. वहिनीच्या पायाचं प्लास्टर निघालं का? तिला म्हणावं, इतक्यात जिने चढू नकोस. आई तुमच्याबद्दल काही विचारत नाही, पण पोस्टमन दिसला की उगाच दारात जाऊन उभी राहते.

बातमी अशी की मला सुट्टीतलं काम मिळालं. महिनाभर नुसती वणवण केली रे. शिकवणीवाल्या बाईंना मुलगी सकाळी हवी, तर सकाळी माझी प्रॅक्टिकल्स. औषधाच्या दुकानात संध्याकाळी हवी, तर संध्याकाळी प्रोजेक्ट. पुस्तकांच्या दुकानाच्या मालकांनी विचारलं, "अनुभव आहे का?" म्हटलं, तोच घ्यायला आलेय. त्यांनी मला दारापर्यंत सोडलं, तेवढाच काय तो मान. शेवटच्या वर्षाची फी सुट्टीत जमली नाही तर माझं वर्ष बुडणार, हे मी बाबांना सांगितलं होतं. ते "बघू" म्हणाले. पूर्वी ते "बघू" म्हणाले की काम झाल्यातच जमा असायचं.

तर काम काचेचे पेले खोक्यात भरण्याचं. स्टेशनमागच्या गोदामात. उन्हाळ्यापुरती दहा माणसं हवी होती, आम्ही सोळा जण आलो. एका टेबलावर दोघं, तासाभराची परीक्षा. एका खोक्यात सहा पेले, प्रत्येक कागदात गुंडाळायचा, मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या, झाकण बंद. तयार खोकी शेजारी रचायची, थप्पीपुढे आपल्या नंबराची एक चिठ्ठी. गळ्यात शिट्टी आणि घड्याळ घातलेल्या एक बाई खोकं कानाशी धरून हलवत. आवाज आला की बाद.

कॉलेजचं शेवटचं सबमिशन देऊन धावत गेले, त्यामुळे मला शेवटची जागा मिळाली. शेजारी एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते. हात असा सफाईदार की बघत राहावं.

एवढं लिहून मी पत्र संपवणार होते. मग पोस्टात टाकलं असतं आणि तू "शाब्बास" म्हणाला असतास. पण जमत नाही. दादा, ते गृहस्थ म्हणजे आपले बाबा.

सकाळी साडेसातला डबा घेऊन छापखान्यात जायला निघालेले बाबा. तोच इस्त्रीचा शर्ट, खिशाला तेच पेन. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि पुढचा पेला उचलला. मग मीही उचलला. दुसरं काय करणार होते? घाईत माझ्या हातून एक पेला फुटलासुद्धा.

आयुष्यभर बाइंडिंग केलेला माणूस, कागद तर त्यांचं ऐकतोच. ते भराभर पुढे गेले. माझी दोन खोकी खुळखुळली म्हणून बाद झाली. शेवटच्या पाचेक मिनिटांत त्यांचं कोपर हललं, आणि त्यांच्या थप्पीवरची तीन खोकी माझ्या थप्पीवर आली. त्यांच्या झाकणाची कड नखाने दाबलेली असते, ती मी कुठेही ओळखेन. मी पाहिलं. आणि पुढचा पेला गुंडाळायला घेतला.

शिट्टी झाली. माझी अकरा, त्यांची आठ. मी आठच बांधली होती रे. दहावा नंबर माझा लागला.

बाईंना शंका आली. म्हणाल्या, "काका, मगाशी तर तुम्ही पुढे होतात ना?"

"वय झालं, बाई. सुरुवातीला हात चालतो, मग दमतो."

"ही तुमची कोण?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तर मीही नकाराची मान हलवली. बाबा आपला डबा उचलून निघून गेले. मला त्या क्षणी सगळ्यात आधी काय वाटलं, सांगू? सुटले, असं वाटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

तिथून तडक छापखान्यावर गेले. दाराला कुलूप होतं. शेजारचा सलूनवाला म्हणाला, आठ महिने झाले. आठ महिने हा माणूस रोज डबा घेऊन कुठे बसतो, मला माहीत नाही. आईलाही माहीत नाही, की माहीत आहे, तेही कळत नाही. ती डबा भरते.

घरी आल्यावर आईसमोर त्यांनी मला विचारलं, "काय, मिळालं का काम?" मी "हो" म्हटलं. ते म्हणाले, "शाब्बास." आता आम्ही दोघं सकाळी बरोबरच निघतो. कोपऱ्यापर्यंत येतात. काल म्हणाले, "कागद बोटाने नको, नखाने दुमड. बोट कापत नाही." बस्स, तेवढंच बोलले. मग डावीकडे वळून छापखान्याच्या दिशेने गेले.

तू त्यांना म्हणाला होतास, दोन वर्षांत तुमच्या छापखान्याला कुलूप लागेल. त्यावर ते "माझ्या दारात पाऊल टाकू नकोस" म्हणाले आणि तू खरंच टाकलं नाहीस. दोघेही एकापेक्षा एक हट्टी. मला तुझाही राग आहे, सांगून ठेवते. पण दादा, तुझं बरोबर निघालं, म्हणूनच ते कोणाला सांगू शकत नाहीत. आईला सांगितलं की ते तुझ्यापर्यंत पोचणार, ही त्यांची खरी भीती आहे. आणि मी गप्प राहिले तर ते उद्याही निघतील, परवाही. उन्हात, त्या वयात. मला ते बघवत नाही.

म्हणून तुला सांगतेय. पैसे पाठवू नकोस, ते परत करतील. तू ये. सहज आल्यासारखा ये. छापखान्याचं नाव काढू नकोस, आणि जिंकल्यासारखं तोंड करून तर मुळीच येऊ नकोस. येणं जमत नसेल तर चार ओळी लिही. पण त्या मला नकोत. पाकिटावर नाव बाबांचं घाल.

तुझी,
"कोणी नाही" म्हटल्यावर मान हलवणारी
धाकटी बहीण