उलट्या पिळाचं सूत

पाल्कापाम्पा,
५ जुलै १९९१

लाडक्या बेनितास, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

तुझं पत्र इस्टरला मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. यंदा हिव कडक पडलं, त्यामुळे साठवणीसाठी अंगणात पसरलेले बटाटे छान गोठले. तुडवून वाळवूनही झाले. एक पिशवी ट्रकवाल्या सेवेरोबरोबर पाठवते आहे. तळाशी हात घालायच्या आधी हे सगळं वाच.

लिमात मालकिणीच्या घरी तू पेन्सिलीला बटाटा खोचून टकळी केलीस, ते मी आईला वाचून दाखवलं. खूप हसली. म्हणाली, "तिच्या तोंडाची टकळी दमली वाटतं, म्हणून हातातली सुरू केली." मग जरा वेळानं म्हणाली, "तोमासा, माझी टकळी तिला पाठवून दे. बटाटा दोन दिवसांत सुरकुततो गं, सूत जाडंभरडं येतं."

मला राग आला, बेनिता. अकरा वर्षं आईजवळ राहिले मी, तिचे अल्पाका राखले मी, आणि टकळी मात्र निघून गेलेलीला. दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, कुरणात हरवली. खरं तर ती मी जवाच्या कणगीत खुपसली होती. आई रोज शोधायला लावायची आणि मी शोधल्याचं नाटक करायचे. हाताला काम नाही म्हणून ती उन्हात नुसती बोटं चोळत बसायची. ती बोटं मला अजून दिसतात.

मे महिन्यात तिच्या छातीत कफ भरला. तुला निरोप धाडता आला असता, सेवेरो दर गुरुवारी जातोच. मी धाडला नाही. तू आली असतीस तर टकळीचा विषय निघाला असता, एवढंच कारण. तीन आठवडे आई दाराकडे बघत होती. दोन जूनला ती गेली. पाचव्या दिवशी रिवाजाप्रमाणे तिचे कपडे नदीवर धुतले, मी एकटीनं.

गेलेल्या माणसाच्या कमरेला पुरण्याआधी बांधायचं उलट्या पिळाचं सूत लेकीनंच कातायचं, तुला ठाऊक आहे. ती गेली त्या दिवशी घरभर माणसं बसलेली. हरवलेली टकळी कणगीतून कशी काढू? काडीला बटाटा खोचला, तुझ्यासारखाच. जन्मभर उजवीकडे फिरवलेला हात डावीकडे वळेना. तीनदा सूत तुटलं. शेजारच्या ग्रेगोरिया मावशी हळूच म्हणाल्या, "सुताला काही झालं नाही पोरी, तूच कुठंतरी अडकलीयेस. जे असेल ते तिच्या कानात सांगून टाक."

मी वाकून सांगितलं. लोकांना वाटलं, रडते आहे. मग सूत पुरलं, पण गाठींचं आणि जाड. जिच्यासारखं बारीक सूत गावात कुणाचं नव्हतं, तिला मी तसल्या सुतानं बांधून पाठवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा गेला, पण आई गेल्यावर.

तळाशी आईची टकळी आहे. तिच्यावर आईनं कातलेलं अर्धं सूत तसंच आहे. ते उतरवू नकोस, तुझी लोकर त्यालाच जोड. सोबतचा जाड तुकडा त्या दिवशी उरलेला. माझ्यावर थुंकावंसं वाटलं तरी तो डाव्या मनगटाला बांध, उलटा पीळ वाईटाला अडवतो.

मी इथे बटाट्यावरच कातते आहे. सुरकुतला की दुसरा घेते.

निरोप न धाडणारी,
तुझीच थोरली,
तोमासा