राजाचं नाव कोन घेईन

२४ ऑक्टो., शुक्रवार
कनिक भिजवून वाळून चालली अन् ही पोट्टी कम्प्युटरवर दुसऱ्याच्या गावाले आग लावून राह्यली. हाक मारली त म्हनते, थांब आजी, किल्ला पडून राह्यला. पडू दे म्हनलं, पोळ्या कोन लाटन?
नात प्रांजल, अमरावतीहून दिवाळीले आली. पुढं प्रां. लिहीन, बोटं दुखतात. दोन तारखेले जाते. खेळ असा: गाव वसवाचं, वावर पेराचं, मंग शेजाऱ्यावर चाल करून जाचं. आमच्या आसेगावात हे फुकट पाहाले भेटते.

२५ ऑक्टो.
खेळातले लोक इंग्रजी बोलतात. प्रां. त्यायले आपलं बोलनं शिकवून राह्यली. दुसऱ्याच्या खेळात अशी आपली भर घालाची त्याले मॉड म्हनतात. तिचा पहिलाच. जायच्या आधी जगाले दाखवाचा हाय तिले. मी म्हनलं, लोकायच्या लुगड्याले आपले काठ. म्हने हाव, तसंच. आवाज तुहा पायजे.
पंखा बंद, सुनेचं मिक्सर बंद. मोबाइल तोंडापुढं.
"शेतकरीन बाईवर बोट ठेवलं त ती काय म्हनन?"
"म्हनन, काय हाय? हात भरले हायेत माहे."
"अन् लढाईले पाठवलं त?"
"बाकीचे मेले काय?"
हसून हसून मोबाइल पडला तिचा. पुन्हा बोला लागलं.

२७ ऑक्टो.
काल प्रां.नं आवाजाच्या फाईलचं नाव बदलवलं त खेळ उघडलाच नाई. फाईलचं नाव जसंच्या तसं ठेवा लागते, नाईतर खेळ आवाज ओळखत नाई. आज उघडला. घोड्यावर बोट ठेवलं त घोडा माह्या आवाजात म्हनते, हात भरले हायेत माहे. आवाज चुकीच्या जागी गेला. प्रां. रडकुंडीले आली. मले घोडा आवडला.

२८ ऑक्टो.
घोडा गप केला. बायाबापे बोलाले लागले. चांगलं वाटलं, खोटं कायले लिहू.
मंग अडलं. या पोट्टीनं राजाले आज्याचं, माह्या मालकाचं, नाव देल्लं. शिपाई चाल करून जातात तवा राजाच्या नावानं जयजयकार, अन् तो म्या कराचा.
नाई म्हनलं.
"आजी, आबाजीले जाऊन सहा वर्सं झाले."
"मंग? मेल्यावर नाव घ्याची सूट भेटते काय?"
नाव बदलतो म्हने. ते बी नाई म्हनलं. जल्मात यायले कोनी साधं सरपंच नाई केलं, राजा झाले त राहू दे.
सून म्हनली, मले नका सांगू, सासऱ्याचं नाव माह्यानं निंगत नाई. प्रां.नं स्वतः म्हनून पाह्यलं. स्टँडवर गाडी लागली म्हनून सांगतात तशी वाटली.
बिनधास्त नाव घेनारी एकच. यायची बहीन शांता, मंगरूळपीरले. लहानपनापासून वावरभर भावाले हाका मारे, तिचं नरडं शिपायाचंच. पन यायच्या तेरवीच्या पंगतीत म्हनली, वैनी, भाजी अळनी. तवापासून बोलनं बंद.
भाजी अळनी नव्हती.

३० ऑक्टो.
दोन दिवस झाले, खेळ तसाच पडला. प्रां. ताट बी अर्धं ठेवते. आज दुपारी म्हनलं, आन तो मोबाइल.
शांतेले आवाज पाठवला. लिहून ठेवतो, नाईतर मांगून बदलवून सांगन ती: "शांते, मी आसेगावहून. तुह्या भावाचं नाव घ्याचं काम हाय, मोठ्यानं, लढाईसाठी. पोरीचं अडलं. दुसरं काई समजू नको."
प्रां. म्हने, आजी, असं कोन मांगते? मी म्हनलं, ननंदेले असंच मांगतात.

३१ ऑक्टो.
सकाळी दोन रेघा निळ्या झाल्या. ऐकलं म्हनजे. उत्तर दुपारी, तिच्या सुनेचं. गोड बोलली. मामीजी, आईची तब्येत बरी नाई, विचारून सांगतो. संपलं वाटलं. प्रां.नं मोबाइल माह्या कानाले लावला, म्हने पुन्हा ऐक, मांगं ऐक.
ऐकलं. सुनेच्या मांगून शांता म्हनून राह्यली, "विचार न वो, दादा कोनाशी लढून राह्यला?"
तब्येत बरी हाय तिची.
प्रां.ले म्हनलं, पाठवून दे लगेच: सुनेनं मधात पडू नये. जिनं मांगून विचारलं तिनंच उत्तर द्यावं, तिच्या सोताच्या तोंडानं, अन् मले द्यावं.