पिठावरचं पाऊल

माय, पिठावरचं ते पाऊल कोणाचं होतं? इतकी वर्षं झाली, घरातली पहिली पदवी माझ्या नावावर लागली, तरी याचं उत्तर मला देता येत नाही. तुला तर हा प्रश्नच आवडला नसता. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तू नागपूरला दीक्षेला गेली होतीस. परत आल्यावर घरातले देव नदीत सोडले, तेव्हा देवांचं टोपलं तुझ्याच डोक्यावर होतं, हे तू आम्हा नातवंडांना किती वेळा सांगितलंस. "माह्या मांगं पिंड नाई, कावळा नाई. मेली का मेली," असं साऱ्यांना बजावूनही ठेवलं होतंस. आम्ही पांढरे कपडे घातले, वंदना घेतली, सगळं तुझ्या मनासारखं केलं. फक्त काकूला राहवलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिला आई नव्हती. तुझ्या सुनेपेक्षा ती तुझी लेकच जास्त. तिने तुझी खाट असायची त्या जागी ज्वारीचं पीठ पसरलं आणि वर टोपलं पालथं घातलं. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते सकाळी पिठावर उमटतं, असं तिच्या आजोळी जुनी माणसं मानायची. कोणाला पाखराचा पंजा दिसे, कोणाला गाईचा खूर. सकाळी तिने टोपलं उचललं तेव्हा मी अकरावीचा गणवेश घालून तिच्या मागे उभी होते. पिठात लहान लेकराचं पाऊल होतं. पाचही बोटं स्पष्ट. एकच पाऊल. आमच्या घरात तेव्हा लेकरू नव्हतं.

वर्षाच्या आत वहिनीला मुलगी झाली, आणि काकू दारातूनच ओरडली, "आली व बुढी, आली!" पोरीला नाव ठेवलं, पण ते कोणी घेतलंच नाही. बाबा तिला माय म्हणतात, दादा माय म्हणतो. वहिनी स्वतःच्या पोटच्या पोरीसमोर डोक्यावर पदर घेते, कारण काकूने तसं शिकवलं. पोरगी तीन वर्षांची असताना तुझ्यासारखी एक पाय दुमडून बसायला लागली. मी मनाशी म्हणायचे, दिवसभर जे कानावर पडतं तेच लेकरू शिकतं, यात नवल काय. तरी ती अंगणात पाठमोरी बसलेली असली की मी वळसा घालून पुढून जायचे.

या उन्हाळ्यात मी नोकरीच्या गावाहून, वर्ध्याहून, सुट्टीत घरी गेले तेव्हा पेरणीचं बोलणं चाललं होतं. बाबांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली बसले.

"माय, औंदा कपाशी लावाव का सोयाबीन?"

तिने खुर्चीवर एक पाय दुमडून घेतला. मग म्हणाली, "वावर कोनाचं हाये?"

"तुह्यंच व माय."

"मंग मले काऊन विचारता? वावराले विचारा."

दादा हसला. बाबाही हसले आणि हसताहसता डोळे पुसायला लागले. "हेच! बुढी असंच तोंडावर मारे." मी विचारलं, शाळा उघडली की ही दुसरीत ना? तेव्हा कळलं की पहिलीत बाई तिला रागावल्या म्हणून बाबा शाळेत भांडायला गेले होते, 'आमच्या मायले बोलता?' म्हणून. त्यानंतर पाठवणंच बंद. "तिले काय शिकवता आता?" काकू म्हणाली. "सारी जिंदगी पाहून बसली ते."

दुपारी मी तिला शोधत आतल्या खोलीत गेले. विकायचा राहिलेला कापूस तिथे अजून छातीपर्यंत होता, आणि ती त्यात कमरेपर्यंत रुतून बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपन दोघी इथं रडलो होतो ना?"

माय, माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण तिथेच बसलो होतो. दार लोटलेलं होतं. तू म्हणालीस, "मलेई भेव वाटते पोरी, पन सांगू कोनाले? पंधराव्या वर्षापासून साऱ्याइची मायच हाओ मी. पोरगी म्हणून कोनं पाह्यलंच नाई." तू रडलीस, मीही रडले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. जाण्याआधी तूच कोणाला तरी सांगितलं असशील, असं मी स्वतःला समजावते आहे.

मी दार लोटून घेतलं. कापसातली काडी मोडत ती पुन्हा बोलली, आणि या वेळी आवाज तिचा होता, सात वर्षांच्या मुलीचा. "आत्या, सारे म्हणतात माय आली. मंग मी कवा येईन?"

त्या प्रश्नाने माझं ठरलं. ती तू नसशील, तर कोणाच्या तरी नावाखाली एक लेकरू बुडून चाललं आहे. आणि ती तूच असशील, तर तुला एकदा तरी नुसती पोरगी होऊ दिलं पाहिजे. दोन्हीकडून वाट एकाच ठिकाणी जात होती. हिला वर्ध्याला नेऊन शाळेत घालते, असं मी घरात सांगितलं तेव्हा काकू दारात आडवी बसली. "मायले घेऊन चालली? घर सुनं करतं का व?" बाबा उठून वावरात निघून गेले. दादा खाली मान घालून बसला. शेवटी वहिनीच उठली. पोरीचे कपडे पिशवीत भरताना पहिल्यांदाच तिच्या डोक्यावर पदर नव्हता. "मी आजेसासू नोती जनली," ती काकूला म्हणाली, "पोरगी जनली होती." मग माझ्याकडे वळून, "दिवाळीले घेऊन येजो. अन् तिच्या नावानं हाक मारजो."

शाळा उघडली त्या दिवशी मी वर्ध्याला माझ्या खोलीजवळच्या शाळेत तिचं नाव घातलं. वर्गात इतकी पोरं, तिला कोणी काही विचारत नाही, उलट तिचीच पेन्सिल पळवतात. परवा ती भांडून, ओचकारे घेऊन घरी आली तेव्हा मला फार बरं वाटलं. गावी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, फोनवरसुद्धा तिला माय म्हणायचं नाही, तुझ्याविषयी एक शब्द विचारायचा नाही. नियम मी केला, म्हणून तो मलाही पाळावा लागतो. आता ती याच खोलीत बसून बाराखडी गिरवते आहे. त्या पावलाविषयी तुला विचारायचं होतं ते मी तिच्याकडे पाठ करून कागदावर लिहिलं. कागद कोणाला दाखवणार नाही. तिला मोठ्याने विचारलं तर ती उत्तर देईल, याची मला भीती वाटते.