राखेचा पुरावा

गुरुवार, १४ सप्टेंबर. सकाळी सव्वासात
नवी वही. एकतीस वर्षं फेरीबोटीवर दोर बांधले नि सोडले, तिथे रोज लॉगबुक लिहायचो. तीच शिस्त आता बागेत. हेतू दोन.
एक, गावच्या हॉलची पितळी घंटा. नोव्हेंबरात बेटावरच्या सर्वात उत्तम गांजाला ती मिळते. गेली तीन वर्षं ती शेजारच्या एनार हाल्वोर्सेनच्या स्वयंपाकघरात टांगलेली आहे आणि कॉफी झाली की तो ती बडवतो. मला ऐकू यावी म्हणूनच.
दोन, माझ्या बायकोचं, डोरीनचं मलम. तेही याच झाडांचं. गेल्या फेब्रुवारीत मलम संपलं आणि तिच्या बोटांचे सांधे असे धरले की कोटाची बटणं मला लावून द्यावी लागली. ती छताकडे बघत उभी राहिली. यंदा तसं होणार नाही. शब्द दिलाय.
कायद्याने घरटी चार झाडं. चारही प्लास्टिकच्या शेडमध्ये. बोंडं माझ्या मुठीएवढी. एनारची अंगठ्याएवढी. बघायला गेलो नव्हतो, कुंपणावरून दिसली.

रविवार, १७ सप्टेंबर
एनार आला. न बोलावता. तोंडात पाइप. झाडांभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, अरे बाबा वेंडेल, हे झाड आहे की लोकरीचा गठ्ठा? मधली पानं विरळ कर, वारा खेळू दे. एवढी जाड बोंडं आपल्या धुक्यात आतून सडतात.
माझी पानं याला का खुपतात? पानं म्हणजे झाडाचं जेवण. पाणी मुरतंय कुठेतरी.
निश्चय: एकही पान तोडायचं नाही.

गुरुवार, २१ सप्टेंबर. दुपारी
तीन दिवस धुकं. आज सगळ्यात जाड बोंडात एक पिवळं पान दिसलं. ओढलं तर लोण्यातून सुरी निघावी तसं अलगद हातात आलं. बोंड उकललं. आत तपकिरी, आणि त्यावर राखाडी भुकटी.
राख. पाइपची.
डोरीनला दाखवलं. तिने चष्मा लावला, वास घेतला आणि म्हणाली, राख कसली, ही बोंडसड आहे, बुरशी. दोन बोटं खालून निरोगी देठापर्यंत काप, पिशवीत बांध आणि लांब टाकून दे. कात्री स्पिरिटने पूस. आणि बाकीची बोंडं रोज उकलून बघ.
हे शब्द तिचे नव्हेत. दोन बोटं हे माप कोळ्याचं, म्हणजे एनारचं. बिचारीचे कान भरलेत कोणीतरी. तिला तसं स्पष्ट सांगितलं. तिने चष्मा काढून ठेवला.
पुरावा क्रमांक एक काड्यापेटीत घालून शेडमधल्या फळीवर ठेवला, बरोबर झाडांच्या मधोमध. नजरेसमोर राहील.

सोमवार, २५ सप्टेंबर. सकाळी साडेदहा
चोरी! धक्क्यावर कॉफी पिऊन परत आलो तर पहिल्या झाडाचा शेंडा गायब. तिरका, स्वच्छ काप. कात्रीचा. हरीण असतं तर ओरबाडलं असतं.
राख टाकणारा तोच, चोरणारा तोच. आधी माल खराब झालाय असं पसरवायचं, मग उचलायचा. मला काय काल जन्मलेला समजतो?
डोरीन म्हणाली, एक बोंड गेलं तर गेलं, बाकीची ठीक आहेत ना? बायकांना तत्त्व कळत नाही.

बुधवार, २७ सप्टेंबर
आणखी तीन. नेहमी जाडच बोंडं, नेहमी मी धक्क्यावर असतानाच. माझी वेळ त्याला पाठ आहे. (धक्क्यावर एनारही होता. माझ्या शेजारीच बसला होता. त्यामुळे संशय वाढतो. इतका साळसूद माणूस स्वतः कशाला येईल?)
हरणांसाठी आणलेला कॅमेरा सफरचंदाच्या झाडाला बांधला.

शनिवार, ३० सप्टेंबर
कॅमेऱ्याचा अहवाल. एकूण फोटो एक्केचाळीस. हरणं अठरा. मी चौदा (पैकी अकरा लांब चड्डीत, पुसून टाकले). डोरीन बादली घेऊन आत जाताना आठ. घरची माणसं सोडून द्यायची.
उरला एक. शेडच्या दारात नारिंगी रबरी हातमोजा. बाकी माणूस दाराआड. असले मासेमारीचे मोजे एनारकडे आहेत. तसे ते बेटावर सगळ्यांकडेच आहेत, पण एनारकडे नक्की आहेत.
पुरावा क्रमांक दोन.

सोमवार, २ ऑक्टोबर
शेडमधला पंखा बंद केला. त्याच्या घरघरीत पावलं ऐकू येत नाहीत.
आता शांतता उत्तम आहे. थेंब पडला तरी ऐकू येतो. थेंब बरेच पडतात. छतावरूनच.

बुधवार, ४ ऑक्टोबर
एकूण गायब नऊ. आता पुरे.
मागची खिडकी खिळे मारून बंद. फटींत पोती कोंबली. दाराला बोटीवरचं जुनं कुलूप, किल्ली एकच, माझ्या गळ्यात.
डोरीनने किल्ली मागितली. म्हणाली, टोमॅटोला पाणी घालायचंय. म्हटलं, मी घालीन. जेवताना पुन्हा मागितली. म्हटलं, किल्ली हातोहात फिरली की सुरक्षा संपली. मग ती म्हणाली, वेंडेल, आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं चाललंय तुझं. दे ती किल्ली.
दिली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने ताटली आपटली. म्हणजे अलगद ठेवायला गेली, बोटांतून सुटली. एकच गोष्ट.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर. दुपारी बारा
दुकानात एनार. हातात दुधाचा डबा. म्हणाला, मंगळवारपासून पाच दिवस पाऊस आहे. मी सगळं काल कापलं. तूही काप. दहा दिवस कमी पडतील, पडू देत. थोडं कच्चं परवडलं, कुजकं नाही.
चोराच्या उलट्या बोंबा! मी कच्चं कापायचं आणि घंटा याने वाजवायची. सगळ्यांसमोर ऐकवलं: ज्याच्या घरात माझी नऊ बोंडं वाळतायत, त्याने मला शहाणपण शिकवू नये.
गल्ल्यावरची बाई नाणी मोजता मोजता थांबली. एनारने पाइप खिशात घातला, घराची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. म्हणाला, जा, बघून ये. कपाटं उघड, गादीखाली बघ. मी इथेच थांबतो.
मी घेतली नाही. घर आधीच साफ केलेलं असणार.
तो दूध तिथेच ठेवून निघून गेला. डबा मी जागेवर ठेवला. आभार कोणी मानले नाहीत.

सोमवार, ९ ऑक्टोबर. थँक्सगिव्हिंग
डोरीनने तीन ताटं मांडली. दर वर्षी एनार धुरावलेला सामन मासा घेऊन येतो. बायको गेल्यापासून तो हा सण आमच्याकडेच करतो. यंदा आला नाही. दोषी माणसाला घास उतरत नाही, असं मी म्हणालो. डोरीन म्हणाली, तुझा बरा उतरतोय.
मग टर्की, बटाटे आणि भोपळ्याची गोड पाई झाकून तीच त्याच्याकडे गेली. एक तास. तिथे काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. नोंद केली.
बटाटे अर्धेच सोललेले होते. उरलेले मी सोलले. तिची बोटं या वर्षी लवकर सुजली आहेत. मलमाची घाई करायला हवी. पण पीक पूर्ण पिकल्याशिवाय नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर
पाऊस. तिसरा दिवस. शेडला हात लावला तर उबदार, न्हाणीघरासारखी. म्हणजे झाडं मजेत. प्लास्टिक आतून इतकं घामेजलंय की काही दिसत नाही. चोरालाही दिसणार नाही.
आत गेलो नाही. दार उघडलं की आठवड्याची खबरदारी वाया.
आठ दिवसांत एकही चोरी नाही! कुलूप लागलं आणि चोरी थांबली. आणखी काय सिद्ध करायचं?

रविवार, १५ ऑक्टोबर
पाऊस थांबला. उद्या कापणी. घंटेसाठी भिंतीत खिळा ठोकला. जरा उंचावर, कुंपणापलीकडून दिसेल असा. डोरीनने विचारलं, हा कशाला? म्हटलं, कळेल.

सोमवार, १६ ऑक्टोबर. सकाळी आठ
कुलूप उघडलं.
तळघराचा वास.

सकाळी सव्वाआठ
चारही झाडं. वरपासून खालपर्यंत. हात लावला की भुकटी उडते. मुठीएवढी बोंडं मुठीत धरली आणि चिखल झाला. फळीवरची काड्यापेटी उघडली, पुराव्याला लोकर आली आहे.
एवढी राख एका पाइपमधून येत नाही. चार पाइप असते तरी आली नसती.

सकाळी नऊ
डोरीन दारात आली. हातात नारिंगी मोजे.
म्हणाली, चोर नव्हता रे. मी होते. तू धक्क्यावर गेलास की येत होते, एकेक बोंड उकलून सडलेलं कापून नेत होते. सांगितलं होतं तुला. तू म्हणालास राख. आणखी सांगितलं असतं तर महिनाभर फुगून बसला असतास, म्हटलं झाडं तर वाचू देत. कात्री धरायला दुखायचं म्हणून एनारने त्याचे जाड मोजे दिले. त्याने दुसरं काही केलं नाही. आणि वेंडेलला सांगून टाक म्हणून माझ्या मागे लागला होता.
म्हटलं, नऊ बोंडं?
म्हणाली, तू नऊ मोजलीस. मी तेवीस कापली. सड आटोक्यात येत होती, वेंडेल. मग तू कुलूप लावलंस.
कुलपाबद्दल माझ्याकडे चांगली कारणं होती. एकही आठवलं नाही.

मंगळवार, १७ ऑक्टोबर
झाडं उपटली, पिशव्यांत बांधली, कचऱ्यात दिली. शेड धुतली. खिडकीचे खिळे काढले. पंखा लावला. आत आता फक्त टोमॅटो आहेत आणि वारा उत्तम आहे.
पुढच्या वर्षासाठी निश्चय लिहायला बसलो. यंदाच्या ओल्या हवेचा दोष किती टक्के, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पाऊस पाच दिवसांऐवजी चार दिवस पडला असता तर. मोजे नारिंगी नसते तर.
पुढे लिहवत नाही. मला माझीच लाज वाटते.

शुक्रवार, २० ऑक्टोबर
एनारकडे जायला निघालो. कुंपणापर्यंत गेलो. त्याच्या घरात उजेड होता. घंटा वाजली, कॉफी झाली असणार. दर वेळी तो ती मला खिजवायला बडवतो असं वाटायचं. आज लक्षात आलं, त्याच्याकडे कॉफीला बोलवायला दुसरं आहे कोण?
परत आलो. त्याचं दुकानात राहिलेलं दूध न्यायला हवं होतं, रिकाम्या हाताने कसं जायचं.

रविवार, २२ ऑक्टोबर. सकाळी साडेनऊ
चर्चला निघताना डोरीन कोट घालून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. छताकडे बघत होती. पाचही बटणं मी लावली.
दार उघडलं तर पायरीवर बरणी. झाकणावर चिकटपट्टी, पेन्सिलीने लिहिलेलं: डोरीनच्या हातांसाठी. एनारने स्वतःच्या पिकाचं मलम केलंय. ज्या पातेल्यात तो खेकडे उकडतो त्यातच, वासावरून कळतं. त्याची सगळी झाडं मिळून एवढीच बरणी भरली असणार. म्हणजे नोव्हेंबरात हॉलमध्ये न्यायला त्याच्याकडे काही उरलेलं नाही.
डोरीन बरणी उघडायला गेली. उघडेना. दोनदा जोर लावला, मग माझ्या हातात दिली.
झाकण भलतंच घट्ट आहे. इतकं घट्ट चुकून लागत नाही. तिला ते उघडणार नाही हे एनारला पक्कं माहीत आहे, म्हणजे ती माझ्याकडेच आणणार, आणि मलम लावायला मलाच तिची बोटं हातात धरावी लागणार. हा सगळा त्याचा डाव आहे.
उघडली.