काल तुम्ही दोघं येऊन गेलात

अहो,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. सासूबाई दुपारच्या जरा आडव्या झाल्या आहेत आणि मी तुमच्या शाळेच्या वहीतला कोरा कागद फाडून लिहायला बसले आहे. उद्या घर माणसांनी भरेल आणि गेलं वर्षभर म्हणतात तेच सगळे पुन्हा म्हणतील. त्याआधी तुमच्याशी बोलायला हवं. एक गोष्ट मी तुम्हाला कधी कळू दिली नाही. दुसरी तुमच्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

बहात्तरचा तो श्रावण आठवतो? पारनेरात आभाळ ठणठणीत, विहिरींचे तळ दिसायला लागलेले. एका सकाळी तुम्ही म्हणालात, पाऊस इकडं येत नाही तर आपणच त्याला भेटून येऊ. गणिताच्या मास्तरांना हे कुठून सुचलं होतं? लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. धाकट्या भावोजींची फटफटी मागून घेतलीत, सासूबाईंनी भाकऱ्या बांधून दिल्या. लोकांनी नावं ठेवली, ती ठेवणारच होते.

घाट उतरताना पावसानं असं झोडपलं की पुढचा रस्ता दिसेना. तुम्ही गाडी थांबवून, तोंड वर करून, आ वासून उभे राहिलात! मी हसून हसून बेजार झाले. त्या सगळ्या फेरीत मी हसले ती तेवढीच.

घाटाखालच्या चहावाल्यानं न विचारता तुमच्यापुढं बिनसाखरेचा चहा ठेवला. काल तसाच घेतलात ना, बाईही याच हिरव्या पातळात होत्या, म्हणाला. काल तर आपण घरी होतो! तुम्ही म्हणालात, एकासारखी सात माणसं असतात जगात. असतील. पण फटफटीवरून येणारा, बिनसाखरेचा चहा पिणारा आणि मागं हिरव्या पातळातली बायको बसवणारा दुसरा कोण असणार होता?

महाडच्या पुढं त्या खाणावळीत मुक्काम केला. तिथल्या बाईंनी मला पाहिल्याबरोबर फळीवरून एक हिरवी बांगडी काढून हातात दिली. काल न्हाणीत विसरलात, म्हणाल्या. मी हात पुढं करून मोजल्या. डाव्या हातात सहा होत्या, उजव्या हातात पाच. निघताना दोन्हींत सहा होत्या. घाटात फुटली असेल, आणि बांगड्या काय, सगळीकडं सारख्याच, असं म्हणून तुम्ही जेवायला बसलात. मी ती बांगडी घातली नाही. कोनाड्यात ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाडीवर पोचलो. पलीकडच्या टेकडीमागं समुद्र होता, त्याचा आवाज येत होता. पावसामुळं होडीवाला आला नव्हता. खाडीत पाणीच नव्हतं, नुसती ओली रेती आणि मधोमध एक ओहोळ. तुम्ही खूश! ही तर आपलीच नदी, म्हणालात. आपल्याकडं नदी म्हणजे रस्ताच की. वर्षातले दहा महिने बैलगाड्या पात्रातूनच जातात. भरती नावाचं काही असतं, हे आपल्या दोघांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तुम्ही गाडीचा प्लग पुसत बसलात आणि मी चार पावलं पुढं गेले. तिथं एक म्हातारी वाकून शिंपल्या वेचत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "काल दोघं गेलात गो. परत तू एकटीच आलीस. आज त्याला कुठून आणलंस?"

मी खाली पाहिलं. रेतीत चाकाचा एक माग सरळ ओहोळाकडं गेला होता. त्याच्या कडेनं पावलं उलटी आली होती. अनवाणी, माझ्याएवढी. परवा तुमच्या कपाटातलं भूगोलाचं पुस्तक चाळताना वाचलं की भरती दिवसातून दोनदा येते. म्हणजे कालचा माग आज राहूच शकत नाही. मग तो केव्हाचा होता हो?

मी पोट धरून तिथंच खाली बसले. मला काहीही दुखत नव्हतं. म्हातारीचं बोलणं सांगितलं असतं तर तुम्ही हसून मुद्दाम गाडी घातली असती, म्हणून सांगितलं नाही. टेकडीकडं एकदा बघून तुम्ही गाडी वळवलीत. समुद्र राहिला तो राहिलाच.

पुढं दहा महिने मला 'भित्री भागूबाई' म्हणून किती छळलंत! भावोजींसमोर, सासूबाईंसमोर. ओल्या वाळूला घाबरून हिचं पोट दुखलं! मीही सगळ्यांबरोबर हसायची. पण लागायचं मला ते. तुम्हाला कधी कळलं नाही का?

मग ज्येष्ठातला तो दिवस. माझ्या माहेराहून परत येत होतो. आपल्याकडं थेंब नव्हता, पण लांब डोंगरावर आभाळ काळंभोर दिसत होतं. नदीच्या काठी तुम्ही गाडी थांबवलीत. पात्रात बोटभर गढूळ पाणी नुकतंच सरकायला लागलं होतं. एरवी बेधडक गाडी घालणारे तुम्ही, त्या दिवशी मागं वळून मला विचारलंत, "घालू का गं? का लांबून पुलावरून जाऊ?"

माझ्या पोटात गोळा आला. या वेळी खरोखरचा. आणि मी म्हणाले, "चला की. मी काय भिते का?"

मधोमध चाक रुतलं. तू काठावर जा, मी आणतो, म्हणालात. भावोजींची गाडी तुम्हाला सोडवेना. चपला वाळूत अडकत होत्या म्हणून मी त्या हातात घेतल्या आणि आलो त्याच काठाला परत चढले. वळून पाहिलं. चाकाचा एक माग आत गेलेला, त्याच्या कडेनं माझी अनवाणी पावलं उलटी आलेली. मी ते आधी पाहिलेलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं, तोवर वळणावरून पाणी आलं.

तुम्ही तिसऱ्या दिवशी सापडलात.

त्या म्हातारीला काय दिसलं होतं, मला अजून कळत नाही. कधी वाटतं, खाडीवरून तुम्हाला वळवून मी फक्त दहा महिने मागून आणले. कधी वाटतं, तिचं बोलणं सांगितलं असतं तर तुम्ही त्या दिवशी नदीच्या वाटेलाच गेला नसता. कोणाला विचारू?

गाव म्हणतं, मास्तर हट्टी. सासूबाई माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणतात, "त्यो लई हट्टी हुता गं. तुझं बी आयकलं न्हाई." आणि मी मान खाली घालते. वर्षभर त्यांच्या मायेवर जगले मी. दोष तुमच्या माथी आणि माया माझ्या वाट्याला! तुम्ही असता तर म्हणाला असता, हे गणित चुकलंय.

उद्या पंगती उठल्या की सगळे असतानाच सासूबाईंपुढं बसणार आहे. मग त्या मला या घरात ठेवोत नाहीतर माहेरी धाडोत. खूप भीती वाटते आहे. तरी सांगणार, हा माझा तुम्हाला शब्द. जास्त काही बोलणार नाही. एवढंच म्हणेन, त्यांनी थांबून विचारलं होतं. 'चला' मी म्हणाले.

तुमची,
कुसुम